आळीतल्या अकरा चुली

मंगळवार हा राखणीत शिरायचा वार. मंगळवार आणि शनिवार, घरटी एक भारा, तोही वाळलेल्या लाकडाचा. ओल्या फांदीला कोयता लावला तर गावदेवीसमोर नारळ ठेवून चारचौघांत कबूल करायचं. टेंभवलीत असे नारळ ठेवणारे आजवर तिघेच निघाले, आणि त्यांची नावं गाव अजून चवीने घेतं. मानपाड्याच्या कारखान्यांची शेवटची भिंत संपली की थोडं आत, टेकडीच्या पायथ्याशी टेंभवली, आणि गावाच्या पाठीशी उतारावर ही राखण: ऐन, करंज, बाभळी आणि सरकारी माणसांनी कधीकाळी लावलेली सुबाभूळ. कागदावर ते गुरचरण. गावातली गुरं गेली, सरपणाची राखण तेवढी राहिली.

रंगूबाई आणि तिची लेक सुमती उजाडायच्या आत निघाल्या. शुक्रवारी पलीकडच्या पाड्यावर हळद होती आणि तिथल्या तीनशे तांदळाच्या भाकऱ्या रंगूबाईने अंगावर घेतल्या होत्या. पन्नास वर्षं ती हेच करत आली होती. पंचक्रोशीत हळद कुणाचीही असो, भाकरी रंगूबाईची. तीनशे भाकऱ्या म्हणजे दीड भारा लाकूड, आणि तेही करंजाचं, आच धरून ठेवणारं.

सुमती कोपरीला दिलेली. तिथल्याच एका वाचनालयात नोकरी करायची. जानेवारीत वडील गेल्यापासून आठवड्याला एक फेरी व्हायची. या वेळी तिने चार दिवसांची रजाच टाकली होती. पंचेचाळिशीला आलेल्या तिच्या मानेला आता भाऱ्याची सवय राहिली नव्हती. चुंबळ डोक्यावर नीट बसेना. रंगूबाईने ती काढून, पुन्हा पिळून, लेकीच्या डोक्यावर दाबून बसवली.

"तुजे बापाचा डोका होता सपाट. भारा ठेवला का हलाचा नाय."

सुमती हसली.

उतरणीवर चुन्याच्या रेघा पहिल्यांदा रंगूबाईला दिसल्या. झाडांच्या बुंध्यांमधून पांढरी सरळ रेघ गेली होती, मध्येमध्ये खुंट्या ठोकलेल्या. खुर्ची टाकून एक निळ्या कपड्यातला पहारेकरी बसला होता. त्याने हात आडवा केला.

"मावशी, भारा खाली ठेवा."

"का रं बाबा?"

"इथलं लाकूड न्यायचं बंद झालंय. जागा दिली गोदामाला."

"गावाला विचारला?"

"मला काय माहीत? गावात लाकूड कुणी जाळतच नाही असं लिहून आलंय म्हणे. सर्व्हे झाला ना तुमचा."

रंगूबाई मोठ्याने हसली. "आनि मंग मी पन्नास वर्सां काय फुकतंय?"

पहारेकरी हसला नाही. त्याने भारा सोडायला लावला. दोर सुटला, करंजाच्या फांद्या उतारावर पसरल्या, आणि रंगूबाई चौसष्टाव्या वर्षी त्या गोळा करायला खाली वाकली तेव्हा त्याने पायानेच एक फांदी अडवली. मग सुमतीच्या हातातल्या कोयत्याकडे बोट केलं.

"तो इथं जमा करा. साहेबाचं सांगणं आहे."

कोयता सुमतीच्या वडिलांचा, दौलतचा होता. मूठ त्याच्या तळव्याने खोलगट झालेली. सुमतीच्या हातात ती कधी नीट बसली नव्हती. तिने तो खुर्चीच्या पायाशी ठेवला. पावती मागावी असं तिच्या मनात आलं, पण कोयत्याची पावती कसली मागायची?

परतताना वाटेत सुधीरचा डंपर उभा होता. सुधीर म्हणजे दौलतच्या धाकट्या भावाचा मुलगा. मातीभरावाची कामं घ्यायचा. डंपरच्या काचेवर नव्या कोऱ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं: दौलतकाकांची कृपा.

* * *

संध्याकाळी सुधीर स्वतःच आला, बगलेत कलिंगड मारून. जानेवारीत भादरलेलं त्याचं डोकं आता चांगलं काळंभोर झालं होतं. दौलतला मुलगा नव्हता. अग्नी सुधीरने दिला होता, मडकं त्याने फोडलं होतं, आणि दर अमावास्येला काकाच्या नावाचं पान तोच ठेवत होता.

"काकी, ऐकलं मी. मी झापलाय त्या वॉचमनला. म्हातारी बाई बघून तरी बोलायचं ना?"

"कोयता आन माजा," रंगूबाई म्हणाली.

"आणतो ना. टेन्शन कशाला घेतेस? लाकूड पण टाकतो एक टेम्पो. इमारतीच्या फळ्या पडल्यात माझ्याकडे."

"रंग लावलेल्या? त्याच्यावर भाकरी भाजू मी? लोकांचे पोरांना घालू?"

"सुधीर," सुमतीने विचारलं, "सर्व्हेत कोणी लिहिलं असं?"

"अगं ताई, ती ठाण्याची संस्था नाय का, बाबा आदमच्या जमान्यापासून लाकडं मोजायला येते? त्यांचा काहीतरी घोळ. मोठे लोक, कॉम्प्युटरवर काय पण दाबतात." त्याने कलिंगडावर टिचकी मारली. "लालबुंद निघणार बघ. काकांना लय आवडायचं."

दौलतला कलिंगड आवडत नव्हतं. खोकला यायचा त्याला.

* * *

संस्थेची कचेरी कोलशेतला होती, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून खाडी दिसायची आणि खाडीच्या अलीकडे टॉवर. सुमती बुधवारी गेली. श्रिया नावाची तिशीतली मुलगी हे काम पाहत होती. दौलतचं नाव ऐकताच ती उठून उभी राहिली.

"दौलतकाकांची मुलगी? बसा ना. मी नवीन लागले तेव्हा मला त्यांची पानं दाखवून शिकवलं होतं, मोजणी कशी लिहायची ते."

तिने संगणकावर आलेख उघडला. तीन ठिकाणं, तीन वेळा मोजलेली: सत्त्याण्णव साली, दोन हजार नऊ साली आणि यंदा. लाकूड, गोवऱ्या, भुसा, तूस असं जे जे चुलीत जातं, त्याचं माणशी दिवसाचं वजन. कोपरीची रेघ सुरुवातीलाच खाली होती. चाळींतल्या भुशाच्या शेगड्या तेवढ्या, आणि नऊ सालापर्यंत त्याही गेलेल्या. कोलशेतची रेघ पायरी पायरीने उतरत आली होती. गावठाणातल्या म्हाताऱ्या बाया आंघोळीच्या पाण्यापुरती चूल पेटवतात, म्हणून ती अजून जमिनीला टेकली नव्हती. आणि टेंभवली. एक किलो नऊशे ग्रॅम, मग एक किलो चारशे, मग कड्यावरून उडी टाकावी तशी रेघ सरळ शून्यावर.

"आम्हाला जरा नवल वाटलं होतं," श्रिया म्हणाली. "पण कारणाच्या रकान्यात गॅस आला होता, अकराही घरांत. खरं सांगते, आम्ही खूशच झालो. अहवालात टेंभवलीची चौकट टाकली."

"अकरा घरं कुठली?"

"तीच पहिल्यापासूनची. तुलना करायची तर घरं बदलून चालत नाहीत. तुमचीच आळी."

"आणि मोजलं कोणी?"

"काका गेल्याचं कळलं म्हणून मी आत आले नाही. वेशीवरूनच काटा सुधीररावांकडे दिला. तीन दिवस सकाळी वजन घ्यायचं. त्यांनी सगळं भरून पाठवलं."

तिने कागद काढले. अकरा कागद. सुमतीने आधी तारखा पाहिल्या. अठरा, एकोणीस, वीस जानेवारी.

दौलत सतरा तारखेच्या रात्री गेला होता.

त्या आळीतली अकराही घरं एकाच भावकीची. मरण झालं की तीन दिवस भावकीत चूल पेटत नाही. जेवण सोयऱ्यांच्या घरून डब्यांतून येतं. वरण, भात, मिठाशिवाय भाजी. सुधीर पडवीत घोंगडीवर बसून त्याच डब्यातलं जेवला होता. वीस तारखेला सकाळी तो राख सावडायला गेला होता, सुमती घराच्या दारात उभी राहून पाहत होती. शेवटच्या कागदाखाली त्याची सही होती आणि वेळही टाकलेली: सकाळी आठ. म्हणजे स्मशानात जायच्या आधी काटा हातात घेऊन तो आळीतून फिरला होता. की फिरलाही नव्हता, पडवीत बसूनच लिहिलं होतं?

रकाना होता. 'चूल बंद असल्यास कारण'. अकरा वेळा एकाच वळणाच्या अक्षरात: गॅस. गॅस. गॅस.

"बाबांनी मोजलेली जुनी पानं बघू?"

श्रियाने आणून दिली. दौलतचं अक्षर मोठं, शाळकरी. त्याच रकान्याशेजारी त्याने काय काय लिहून ठेवलं होतं. 'पाहुणे चार, म्हणून जास्त.' 'लाकूड ओलं, धूर फार, म्हणून जास्त जळलं.' 'बाईने गोवऱ्या लपवल्या होत्या, लाज वाटते म्हणाली, समजूत घालून मोजल्या.' आणि नऊ सालच्या एका पानावर: 'भावकीत सुतक. चुली बंद. हे वजन धरू नये. दहावं झाल्यावर पुन्हा मोजतो.' खाली साक्षीदार म्हणून सही होती. सुधीरची. तेव्हा तो दौलतच्या हाताखाली काटा धरायला जायचा.

सुमती ते पान बराच वेळ धरून बसली. श्रियाने पाण्याचा पेला पुढे सरकवला. तिलाही आता समजलं होतं. तिचा चेहरा उतरला.

"मी आत यायला हवं होतं," ती म्हणाली. "माझीच चूक. मी पत्र देते. फेरतपासणी मागू. पण हरकत तिथे राहणाऱ्या माणसाची हवी."

"आईची घेते," सुमती म्हणाली.

* * *

सुधीर राखणीच्या तोंडाशीच भेटला. दोन डंपर रिकामे करून घेत होता. सुमतीने कागदाची प्रत त्याच्यापुढे धरली. त्याने वाचली नाही; बघून ओळखली.

"मग? खोटं काय लिहिलंय? चुली बंद होत्या का नव्हत्या?"

"का बंद होत्या ते तुला माहीत नव्हतं?"

"ताई, घरात गॅस आहे का नाय तुमच्या?"

"आहे. चहा होतो त्याच्यावर."

"मग गॅस लिहिला. त्या रकान्यात जागा केवढी, बोटभर. पूर्ण पुराण लिहू काय?"

"बाबांनी लिहिलं होतं. तू सही केली होतीस खाली."

सुधीरने तोंड फिरवलं. डंपरचा मागचा भाग वर उचलला गेला, माती धडधडत खाली आली, एका बाभळीच्या बुंध्याला कमरेपर्यंत झाकून थांबली. धूळ बसेपर्यंत दोघंही तोंडावर हात धरून उभे राहिले.

"बघ ताई," तो मग हळू आवाजात म्हणाला, "आळीतल्या सहा पोरांना मी कामाला लावलंय. तू दोन पुस्तकं वाचून येतेस नि संध्याकाळी कोपरीला जातेस. आम्हाला इथं राहायचंय. काकांनी आयुष्यभर लाकडं मोजली, काय मिळालं?"

"मिळायचं नव्हतंच काही."

"तेच तर." त्याने ड्रायव्हरला हात केला. जाता जाता वळून म्हणाला, "परवा अमावास्या आहे. काकाचं पान ठेवायला पण तुझ्या त्या मॅडमलाच बोलाव."

* * *

त्या अमावास्येला सुधीर संध्याकाळपर्यंत आला नाही. रंगूबाई पान वाढून ओट्यावर बसून राहिली. अंधार पडता पडता तो आला, पाणी सोडलं, गेला. हरकतीच्या अर्जावर तिने आधीच सही केली होती, एकेक अक्षर कोरत.

तोवर सरपण आळीतून उसनं येत होतं. सोनल नावाची शेजारची तरुण सून मागच्या दाराने दोन-दोन लाकडं आणून द्यायची. "काकी, मी बोलणार साहेबांसमोर," ती म्हणायची. "आमच्या सासूबाई गॅसवर मासे शिजवूच देत नाहीत. म्हणतात, चव जाते. आणि आता म्हणे, चूल नाही!"

तपासणी पंधरा दिवसांनी झाली, गावदेवीच्या मंडपात, भर दुपारी. पत्र्याखाली उकडत होतं. तहसील कार्यालयातून आलेले साहेब मानेवर रुमाल टाकून बसले होते. श्रिया शेजारी, मांडीवर जुनी पानं घेऊन. आळीतल्या बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. सुधीर मागे खांबाला टेकून.

श्रियाने सुतकाचं सगळं नीट सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"ठीक आहे. मोजणी चुकली असेल. साधा प्रश्न विचारतो. कुणाकुणाकडे आजही लाकडावर स्वयंपाक होतो? हात वर करा."

पदर सावरले गेले. कुणी खोकलं. पुरुषांच्या बाजूने एक आवाज आला: "सायेब, आमची पोरां लग्नाची हायत. चूल हाय म्हटल्यावर कोन मुलगी देल?" हशा पिकला. सोनलने सुमतीकडे पाहिलं, मग सासूकडे. सासूच्या हाताच्या नखांत त्या सकाळची राख होती. सोनलने मान खाली घातली.

एकही हात वर आला नाही.

"अर्जदार रंगूबाई कोण?"

रंगूबाई उभी राहिली.

"आजी, तुमची हरकत आहे. तुम्ही सांगा. तुमच्या एकटीचं ऐकूनसुद्धा मी पुन्हा मोजणी लावीन. लाकडावर करता ना भाकऱ्या?"

रंगूबाईने दोन्ही तळवे पदराखाली घेतले. खापराच्या तव्याच्या चटक्यांनी बोटांची पेरं काळी, गुळगुळीत झाली होती. ती आता कुणाला दिसत नव्हती.

"गॅस हाय," ती म्हणाली.

"आणि भाकऱ्या?"

"सोरल्या. होत नाय आता."

"मग हा अर्ज?"

"पोरीनं केला. मना वाचाया येत नाय सारा."

सुमती उठली. "साहेब, हे खरं नाही. परवाच तिने दोनशे भाकऱ्या..."

"ताई," मागून सुधीर म्हणाला, अगदी प्रेमाने, "तुझं नाव कुठल्या मतदारयादीत? कोपरीच्या ना?"

कुणीतरी हसलं. साहेबांनी सुमतीकडे पाहिलं, मग वहीत दोन ओळी लिहिल्या. श्रिया पानं गोळा करू लागली. एक पान हातातून सुटून खाली पडलं, ते उचलून तिने धूळ झटकली आणि पुन्हा फाईलमध्ये घातलं.

* * *

मायलेकी घरी आल्या. मागच्या पडवीत चुलीपाशी उकड काढायचं पातेलं तसंच होतं. रात्री दीडशे भाकऱ्या द्यायच्या होत्या. रंगूबाई खाली बसली. पाय लांब केले.

"आई, का?"

रंगूबाईने परातीवरचं फडकं काढलं, पुन्हा घातलं.

"तुझी राखण गेली. बाबांचं नाव गेलं. ज्याने खोटं लिहिलं तो खांबाला टेकून हसत होता. का बोललीस तसं?"

"काल आल्ता तो. तू दुकानान गेल्तीस तवा." रंगूबाई चुलीकडे बघत बोलत होती. "माजे पाया परला. रडला पन. बोल्ला, काकी, भर गावान मना चोर केलाव, तर मी कंच्या तोंडानं पान ठेवू? वरीस भरलं नाय अजून त्याना. वर्साचा कोन करल? पानी कोन देल, बाय?"

"मी दिलं असतं."

रंगूबाईने मान वर केली.

"पाणीच काय, अग्नीसुद्धा मी दिला असता," सुमती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मुली देतात आता. सगळीकडे देतात."

"त्या दिशी बोल्ली नायस."

सुमती चुलीसमोर उभी होती. त्या सकाळी अंगणात, तिरडी बांधून झाल्यावर, भावकीतल्या वडीलधाऱ्याने तीनदा विचारलं होतं: पुढं कोन होतंय? पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती तुळशीपाशी होती. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आईने तिच्याकडे पाहिलं होतं. हे तिला आत्ता आठवत होतं, इतके दिवस आठवलं नव्हतं. तिला सगळं ठाऊक होतं, कितीदा वाचलेलं, वाचनालयात इतर बायकांना समजावून सांगितलेलं. बायकांच्या घोळक्यातून दोन पावलं पुढे टाकायची होती. तिसऱ्यांदा विचारलं, आणि सुधीर शर्ट काढून पुढे झाला होता.

"मी तुजेकडं बगत होते," रंगूबाई म्हणाली. त्यात राग नव्हता.

सुमती खाली बसली. हाताला काहीतरी हवं म्हणून तिने सोनलने दिलेली दोन लाकडं चुलीत सारली, वर काटक्या रचल्या, काडीपेटी शोधली. काडी ओढणार तोच रंगूबाईने तिचं मनगट धरलं.

"नको."

"दीडशे भाकऱ्या आहेत."

"सायेबाची गारी हाय अजून देवलाकडं." तिने लाकडं एकेक करून बाहेर काढली आणि भिंतीशी उभी केली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, परातीची एक बाजू धरली. "आत घेऊया. गॅसवर होतील तशा होतील."

"फुटतील त्या."

"फुटूदे," रंगूबाई म्हणाली. "धूर दिसल."